दार सताड उघडं टाकणारा मिसरी

इथं आखातात, मुसफ्फाच्या कारखान्यांत डोकं उठवणारी माणसं पैशाला पासरी आहेत, पण माझ्या खोलीतल्या मिसरीइतका, म्हणजे त्या इजिप्तवाल्याइतका, हट्टी माणूस देवानं दुसरा घडवलेला नाही. घडवला असता तर मी केव्हाच मुलूख गाठला असता. इजिप्तमध्ये नाईल समुद्राला मिळायच्या आधी फुटते ना, तिथलं दमनहूर हे त्याचं गाव. ते जगात सगळ्यात जुनं आणि वसल्यापासून एक दिवस ओस पडलेलं नाही, हे तो वर्कशॉपात गेटला रंग मारताना सांगणार, तोंडात घास असताना सांगणार. एकदा मी पिरॅमिडचं नाव काढलं तर म्हणाला, "ती नवी बांधकामं." मी पैठणचा, ऐकून घेणारा नव्हे. म्हटलं, "आमचं गाव काय काल वसलं?" तर पाठीवर थाप मारून म्हणतो, "लहान आहे, हबीबी. वाढेल."

सगळ्यात वाईट खूळ कुलपाचं. त्याच्या घराण्यात म्हणे घराला कुलूप घातलं की घर मेलं. कुणीतरी आत असलंच पाहिजे. म्हणून इथं कॅम्पातही दार सताड उघडं! मांजरं माझं दूध पिऊन गेली, नव्या चपलेला पाय फुटले. मी ओरडलो, "अरे, हे तुझं गाव नाही, लेबर कॅम्प आहे!" तो शांत. "माणसं राहतात ना? मग गावच."

मग तिकडं त्याची म्हातारी बहीण वारली. घरात ती एकटीच होती. भाच्यानं फोनवर सांगितलं, "मामा, कुलूप घालतो." सकाळी हा ऑफिसात जाऊन नोकरी सोडून आला! माझं टाळकंच सणकलं. "चार भिंतींसाठी चालता पगार सोडतोस? या वयात पुन्हा व्हिसा कोण देणार, गाढवा?" म्हणाला, "इतक्या पिढ्यांनी ओस पडू दिलं नाही. माझ्या हातून पडू देऊ?" "मग यल्ला, जा! खलास!" तो निघाला तेव्हा मी पाठ करून भांडी घासत राहिलो.

परवा त्याचा फोन आला. आधी मी त्याला पोटभर शिव्या घातल्या, मग विचारलं, "जेवलास का?" म्हणाला, "शिजवतो. पण भांडायला कुणी नाही, घास उतरत नाही." "भोग आपल्या कर्माची फळं," म्हणत मी फोन आपटला. समोरच्या खाटेवर आता नवा माणूस आलाय. गुणी. सगळ्याला हो म्हणतो. त्या मेल्याशी भांडावं तरी कशावरून? माझंही ताट तसंच निवत पडलेलं. पुन्हा फोन लावला. म्हटलं, "घे वाढून. जेव तू. मी ओरडतो इथून."