खात्रीचा वकील

आईच्या म्हशींची पाण्याची वाट माझ्यामुळं गेली. लोक मला तसं म्हणत नाहीत, आई तर नाहीच नाही, पण मला माहीत आहे.

हिर्डोशीच्या वर, डोंगराच्या कडेला आमची वाडी. वडील गेल्यावर आई तिथं तीन म्हशी घेऊन एकटीच राहायची. मी दिलेली किकवीला, तिथल्याच शाळेत शिकवते. माझ्याकडं येऊन राहा म्हणून किती विनवण्या केल्या, पण म्हशी सोडून ती येईल तर शपथ. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत दुसऱ्याच्या रानातून एक जुनी पायवाट होती. माझी आजीसुद्धा गुरं घेऊन तिथूनच जायची. ते रान शहरातल्या एका माणसानं घेतलं आणि भातलावणी उरकता उरकता चारी बाजूंनी तारेचं कुंपण ठोकलं. ओढ्याला जायला राहिला तो फक्त खडकाळ उतार, आणि आईचे गुडघे आधीच बोलायला लागले होते.

आई लगेच म्हणाली, भोरच्या वकिलांकडं जाऊ. कोणते वकील ते कळलं आणि माझं डोकंच फिरलं. बांधाच्या भांडणात भावकीच्या बाजूनं आमच्या वडिलांविरुद्ध उभे राहिलेले तेच ते. वडील ती केस हरले. मी तेव्हा कॉलेजात होते. या माणसानं वडिलांना कसे उलटेसुलटे प्रश्न विचारले ते मी कोर्टात मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं. आमच्याकडं असंच असतं बघा, समोरच्याचा वकील म्हणजे समोरच्याचा माणूस, त्याची पायरी चढायची नाही. भोरच्या बाजाराला गेले तरी मी त्यांचं दार चुकवून बोळातून जायचे. आई पुढं काहीतरी सांगत होती, पण मी तिला बोलूच दिलं नाही.

मोठी शिकलेली ना मी, मोबाईल काढला. रस्त्याचा वाद म्हणून शोधलं, तर दुसऱ्या दिवसापासून जाहिरातींत वकीलच वकील. त्यातला एक मला फार आवडला. काळा कोट, हाताची घडी, मागं जाड पुस्तकांचं कपाट. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, निकालाची शंभर टक्के खात्री, घरबसल्या सल्ला. चार माणसं हात जोडून सांगत होती की साहेबांमुळं आमची जमीन परत मिळाली. ती माणसं कोण, कुठल्या गावची, एवढंसुद्धा माझ्या मनात आलं नाही. वर्गात मुलांना, उत्तर कशावरून काढलंस ते दाखव, म्हणून दरडावणारी मी. पण त्या दिवशी माझी अक्कल शेण खायला गेली होती.

फोनवर एक गोड आवाजाची मुलगी बोलली. मी कागदांचे फोटो पाठवले, सही करून दिली. कोटातले साहेब शेवटपर्यंत भेटले नाहीत, दर वेळी फोनवर नवाच माणूस. त्यांनी एक नोटीस पाठवली, मग दुसरी. नोटीस गेली की समोरचा गुडघ्यावर येतो म्हणाले, तेच मी आईला ऐकवलं. भोरच्या तहसील कचेरीत अर्ज दिलाय का, तिथं कोण उभं राहणार, याला काही मुदत असते का, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. गणपती झाले, दिवाळी झाली. आई विचारायची, तर मी तिच्यावरच डाफरायचे. कोर्टाची कामं म्हणजे काय भाकरी थापणं आहे का, असं एकदा बोलले. ते आठवलं की आजही जीभ हासडून टाकावीशी वाटते.

शिमग्याच्या आधी आई त्या उतारावर घसरली. हाड मोडलं नाही हे नशीब, पण हात कोपरापर्यंत सोलपटला. मग मात्र मी गुमान तिला घेऊन भोरला गेले आणि ती पायरी चढले.

वकील आता म्हातारे झालेत. दारावर वीतभर पाटी, खोलीत दोन खुर्च्या. त्यांनी आईला आधी पाणी दिलं, मग सगळं नीट ऐकून घेतलं. कुंपण कधी घातलं, एवढं एकच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारांकडं सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो, ताई. साधं काम होतं. मुदत गेली. आता दिवाणी कोर्ट, आणि तिथं किती वर्षं जातील ते मी सांगू शकत नाही."

मी मोबाईलवरची ती जाहिरात दाखवली. बघून ते हसलेसुद्धा नाहीत. वकिलानं जाहिरात करायची नाही असा आमचा नियमच आहे, म्हणाले, आणि निकालाची खात्री तर कुठलाच वकील देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून तिथंच सावध व्हायचं. मग म्हणाले, "तुमचे वडील केस हरल्यावर माझ्याकडं आले होते. म्हणाले, माझ्याविरुद्ध एवढं चांगलं भांडलात, पुढं मला गरज पडली तर तुमच्याकडंच येणार."

एसटी स्टँडवर मी आईला विचारलं, तुला हे माहीत होतं? "व्हय की," ती म्हणाली, "तेच सांगत हुते म्या. तू ऐकून घेतलं न्हाईस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उन्हाळा लागला तसे दावणीला पाण्याचे हंडे वाहून आई थकली. एप्रिलमध्ये तिनं तिन्ही म्हशी आंबवड्याच्या एका घरी देऊन टाकल्या. मला आधी सांगितलंसुद्धा नाही. सुट्टी लागल्यावर मी वाडीला गेले तेव्हा गोठा झाडून सारवून ठेवलेला होता, म्हशींचा वाससुद्धा राहिला नव्हता. शेजारीण आली, तर आई तिला कौतुकानं सांगत होती की माझ्या लेकीनं वाटेसाठी लई पळापळ केली. मग तिनं चुलीवर चहा ठेवला. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी दूध घातलेल्या माझ्या आईनं फळीवरून दुधाची पिशवी काढली. ती कुठून फोडायची ते तिला कळेना, म्हणून तिनं ती माझ्या हातात दिली.