कडकनाथाचं सहावं अंडं

तापलेल्या थर्माकोलचा वास आला की नाशिक रोडच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. सासूबाईंनी कळवणहून आणलेली कडकनाथ कोंबडीची सहा अंडी मी थर्माकोलच्या खोक्यात, बल्बच्या उबेला ठेवली होती. एकविसाव्या दिवशी फक्त सहाव्याला चीर पडली. आतली चिवचिव दुपारी थांबली. घाबरून मी कवचाला नख लावलं, तशा माझ्याशी कायम हळू बोलणाऱ्या सासूबाई ओरडल्या, "जावईबापू, हात नका लावू! रक्त येईल. लय दमलंय ते, दम खाऊ द्या." आम्ही खोक्यावर वाकून बसलो. तासाभराने कवच हललं, फुटलं आणि काळंभोर, ओलं पिल्लू धडपडत बाहेर आलं. "आलं, आलं!" आता मी ओरडलो. तो कोंबडा सध्या कळवणला असतो. मी गेलो की सासूबाई अजून बोट दाखवतात, "तो पाहा, तुमच्या नखातून वाचलेला!"