मंगळवारच्या रजा

आमच्या बडी बहनजी वर्षभरातल्या सगळ्या किरकोळ रजा मंगळवारी घ्यायच्या. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. रांगेत उभं राहून कोणीही अर्ज देऊ शकतो. आम्ही बाकीच्या शिक्षिका आमच्या रजा लग्नं, जावळं आणि माहेर यांत पुरवून पुरवून वापरायचो. बहनजींच्या सख्ख्या भाचीचं लग्न बुधवारी निघालं, तर त्या शाळा सुटल्यावर थेट जेवणाच्या पंगतीला पोचल्या. "रजा सरकारची आहे," त्या म्हणायच्या, "सरकारकडेच खर्च करते."

आमची सरकारी प्राथमिक शाळा हिंदी राज्यातल्या आमच्या सीमेवरच्या शहरात, राजपुरा मोहल्ल्यात आहे. बहनजी तिथं मुख्याध्यापिका होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. पाच खोल्या, त्यांतल्या दोन खोल्यांचं छत इतकं खराब झालेलं की तिथं मूल बसवायची माझी हिंमत होत नसे. बहनजींच्या अर्जात एकच मागणी असायची: छत कधी देता ते कळवावं. विनंती, नम्र, सेवेशी असलं काही नाही. एकदा तिथला बाबू वैतागून म्हणाला, "मॅडम, निवेदन में थोड़ा निवेदन तो करो." बहनजी म्हणाल्या, "मांगने नहीं आई भैया, याद दिलाने आई हूं."

वर्गात त्या मुलांना उंचीप्रमाणे बसवायच्या. हे ऐकायला साधं वाटतं. पण दर जूनमध्ये कोणी ना कोणी पालक दारात उभा राहून हळूच सांगायचा की आमच्या मुलाला त्यांच्या मुलांशेजारी बसवू नका. 'ते' कोण, हे प्रत्येकाचं वेगळं. कोणाला जात खुपायची, कोणाला धर्म. बहनजी मुलाला दाराच्या चौकटीला टेकवून उभं करायच्या, खडूनं खूण करायच्या आणि सांगायच्या, "उंची एवढी आहे, जागा तिसरी. घरी नेऊन उंच करून आणा, मागे बसवते." पालक तसाच परत फिरायचा. पोराला मात्र आपली उंची मोजली गेली याचाच आनंद.

छताच्या बाबतीत एक उद्योग मी केला. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, फोपनार गावचे. केळीच्या बागा, केळीचा मोठा व्यापार. मी घरी विषय काढला आणि ते लगेच तयार झाले. मला वाटलं, प्रश्न मिटला. एका दुपारी त्यांना शाळेत घेऊन गेले. बहनजींनी चहा मागवला, नीट ऐकून घेतलं.

"दोन्ही खोल्या मी करून देतो," जेठ म्हणाले. "फक्त अंगणात आमच्या कुलदेवीचं लहानसं मंदिर बांधू. पोरांवर संस्कारही होतील."

"भाऊ, उद्या सिंधीपुऱ्यातले मुसलमान नमाजाला जागा मागायला आले, तर मी काय सांगू?"

"ते कशाला येतील?"

"नाही आले तर जास्त वाईट. न बोलता पोरं काढून नेतील."

जेठ समजूतदार माणूस. "बरं, मंदिर राहू द्या. वडिलांचं नाव तरी टाकू."

"तुमचे वडील चांगले होते, मी ओळखायची त्यांना," बहनजी म्हणाल्या. "पण दानाच्या छताखाली लोक हात जोडून बसतात. शाळा त्यांच्या हक्काची आहे, हेच विसरतात."

जेठांनी चहा अर्धा ठेवला. घरी पुढचे आठ दिवस मला काय काय ऐकावं लागलं, ते इथे लिहीत नाही. बहनजींशी मी कामापुरतंच बोलू लागले. तत्त्व त्यांचं आणि ओल्या व्हरांड्यात दोन वर्ग एकत्र घेऊन घसा बसणार माझा. त्या पावसाळ्यात बऱ्याच जणांनी मुलं काढून खाजगी शाळेत घातली. मग कागद आला: पटसंख्या कमी, शाळा हमरस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन करण्याचा प्रस्ताव. मी तो बहनजींसमोर ठेवला आणि म्हटलं, "छत घेतलं असतं तर हे आलं नसतं." त्या म्हणाल्या, "खरं आहे." मला त्याचाच जास्त राग आला.

त्या संध्याकाळपासून त्या घरोघर फिरू लागल्या. मीही गेले, शाळा गेली असती तर मलाही कुठे तरी लांब फेकलं असतं. कापडाच्या लूमवर सुताच्या कांड्या भरणारी नसीमबी दारातच कडाडली, "सेठ दे रहा था तो मना क्यों किया? अब मेरी लड़की हाईवे पार करेगी?"

"गलती मेरी समझ," बहनजी म्हणाल्या, "मैं इतने साल अकेली जाती रही. तुझे साथ ले जाना था. मंगल को चल."

"मेरी मजूरी जाएगी."

"मेरी छुट्टी जाएगी. चल."

त्या मंगळवारी वीसेक बाया रांगेत होत्या. पुढच्या मंगळवारी त्याहून जास्त. कोणी बुरख्यात, कोणी डोक्यावर पदर घेऊन, कोणी थेट केळीच्या गाड्या भरून आलेली. विलीनीकरण थांबलं. छताची मंजुरी मात्र बहनजी निवृत्त झाल्यावर आली, आणि काम त्यांच्या जागी मुख्याध्यापिका झालेल्या माझ्या देखरेखीखाली झालं.

जळगावला मुलीकडे कायमचं राहायला जाण्याच्या आदल्या दिवशी त्या शाळा बघायला आल्या. एप्रिलचं ऊन होतं. नव्या खोल्या त्यांनी हात मागे बांधून पाहिल्या, भिंतीवर टकटक केलं, "ठीक आहे" म्हणाल्या. आम्ही ऑफिसात बसलो तोच नसीमबी आत आली.

"मॅडम, कमरे नए हैं, पंखे कहां हैं? बच्चे उबल रहे हैं."

मला लागलं ते. कामासाठी मी किती खेटे घातले होते. "अरे, छत हो गई, ये क्या कम है?"

"कम है," नसीमबी म्हणाली. "तभी तो आई."

बहनजी माझी बाजू घेतील असं मला वाटलं. त्यांनी बाकावर सरकून नसीमबीला शेजारी जागा करून दिली आणि दोघी माझ्याकडे बघत बसल्या. मी कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कितने पंखे?"