देवरावांची बदकं

जामबागच्या एका शाळेत देवरावांनी शिपाई म्हणून उमर काढली. बायको गेल्यावर दिलसुखनगरला मुलाच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. शहराबाहेर तळ्याकाठी त्यांचा एक प्लॉट होता. तिथं पत्र्याची खोली बांधून त्यांनी गावठी बदकं पाळली. माद्या मातकट, अंगभर काळ्या रेघा, चोची काळपट. नराची मान तेवढी हिरवी, उन्हात काचेसारखी चमकायची. दिवसभर ती तळ्यातल्या गोगलगायी खायची, म्हणून अंड्यांचा बलक असा केशरी व्हायचा की नारायणगुड्याची गिऱ्हाइकं विचारायची, "काका, रंग घातला का काय?" कवचही कोंबडीच्या अंड्याहून जाड, हिरवट झाक असलेलं.

मुलगा विकी प्लॉट विकायच्या मागे लागला होता. देवरावांनी एकदाच सांगितलं, "ही बदकं आहेत तोवर मी इथून हलत नाही."

"हौ बाबा," विकी म्हणाला आणि हसला.

नातीचा, शिवानीचा वाढदिवस आला. सून शिल्पानं आग्रह करून सासऱ्यांना आदल्या दिवशीच बोलावून घेतलं. सकाळी विकी कुठंतरी गेला, तो दुपारी पिशवी घेऊनच आला.

ताटात सालन आलं. मांस काळसर, त्यावर चरबीचा जाड तवंग. देवरावांनी दोन घास खाल्ले. मग पळीतून गोळे पडले, बोराएवढा, करवंदाएवढा, वाटाण्याएवढा. पोटातली, अजून कवच न धरलेली अंडी. केशरी.

"विकी, ही कोंबडी नाही."

"खाओ ना बाबा," विकी ताटातून मान वर न करता म्हणाला. "आता एक पण बदक नाही तिकडं. तुम्हीच बोलले होते ना?"

"अंड्यावर होत्या रे त्या."

"म्हणून तर मस्त लागतंय."

शिल्पानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. शिवानीला काहीच ठाऊक नव्हतं. "आजोबा, तो मोठा गोळा मला!"

देवरावांनी तो उचलून तिच्या ताटात ठेवला. वाढदिवसाला पोरीसमोर भरल्या ताटावरून उठायचं त्यांच्यानं झालं नाही. नंतर बाथरूममध्ये नळ मोठा सोडून ते ओकले.

दुसऱ्या दिवशी सामान आणायला बापलेक प्लॉटवर गेले. अंगणभर पिसं होती. एक मादी कशी कोण जाणे सुटली होती. काठाकाठानं फिरून ती बाकीच्यांना हाका मारत होती.

"हिला घेऊ या," देवराव म्हणाले.

"तिसऱ्या मजल्यावर? पागल झाले का बाबा?"

झुडपात दोन-तीन कुत्री बसलेली होती. देवरावांनी मादीला धरून पाण्यात लांब सोडलं आणि गाडीत येऊन बसले. गाडी हलली तशी ती काठ चढून वर आली आणि पंख पसरून, डुलत, ओरडत मागं पळायला लागली. तिच्यामागं कुत्री उठली.

"थांब रे जरा," देवराव म्हणाले.

विकीनं काच वर केली.