नष्ट केल्याचा दाखला

पुण्यात कशावरही चटकन विश्वास न ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत, पण कागद खरोखर मेला की नाही याची खात्री करून घेणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच : आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. खडकीच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये काढली. मुदत संपलेल्या फायली नष्ट करणं हे त्यांचं काम. आधी आतला मजकूर तपासायचा, मग कागद फाडायचे, जाळायचे, राखेत पाणी घालून ढवळायचं आणि शेवटी रजिस्टरमध्ये दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. "न ढवळलेल्या राखेत अक्षरं वाचता येतात," असं ते सांगतात, आणि ज्याला पटत नसेल त्याने घरी काहीतरी जाळून पाहावं, अशी त्यांची अपेक्षा असते.

निवृत्तीनंतर हा नियम घरी आला. कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता ते कापून बादलीत भिजत घालतात. मार्केट यार्डात बिलासाठी मोबाइल नंबर मागणाऱ्या दुकानदाराला "मी गूळ घ्यायला आलोय, पत्रिका जुळवायला नाही," असं सुनावून ते गूळ न घेताच परत आले. ॲप काढून टाकलं की खातं बंद झालं, असं समजणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी जिन्यात गाठलं. "तुम्ही डॉक्टर बदललात म्हणून जुन्या डॉक्टरकडची तुमची फाइल जळाली का हो?" स्वतःचं एक खातं त्यांनी रीतसर बंद केलं, तेव्हा कंपनीचं उत्तर आलं की माहिती हटवली जाईल, मात्र काही नोंदी कायद्यानुसार आवश्यक तेवढा काळ ठेवल्या जातील. काकांनी पत्र छापून 'काही'खाली लाल रेघ मारली आणि उलट विचारलं : काही म्हणजे कोणत्या, किती काळ, कोणाच्या ताब्यात, आणि नष्ट करताना साक्षीदार कोण? चार दिवसांनी कंपनीतल्या मुलीचा फोन आला.

"सर, सिस्टिम ऑटोमॅटिक डिलीट करते."

"सिस्टिमची सही कुठे आहे?"

"सर, सिस्टिमला सही नसते."

"मग कामावर कशी ठेवलीत तिला?"

काकू गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. त्या किराणा ज्या ॲपवरून मागवायच्या, त्याचे निरोप त्यांच्या फोनवर येतच राहिले. 'बऱ्याच दिवसांत भेट नाही! तुमची आठवण येते,' हा निरोप आला त्या दिवशी काकांनी ते खातं बंद करायचं ठरवलं आणि साक्षीदार म्हणून मला खाली बोलावलं. तीस दिवसांत कोणी खातं उघडलं तर विनंती रद्द होईल, नाहीतर सगळं कायमचं पुसलं जाईल, ही अट आम्ही दोनदा वाचली. मग नियमाप्रमाणे आतला मजकूर तपासायला घेतला. नाव, पत्ता, पोहे, रवा. सामान आणून देणाऱ्यासाठी काकूंनी लिहिलेली सूचना सर्वांत खाली होती : 'बेल वाजवू नये. साहेब दुपारी झोपतात, पण झोपलो नव्हतो म्हणतात.'

काकांनी चष्मा पुसला. "ही माहिती चुकीची आहे."

"दुरुस्त करायची का?"

"मूळ मजकुरात फेरफार करता येत नाही."

"निदान फोटो काढून ठेवते."

"नक्कल ठेवल्यावर नष्ट कशाला म्हणायचं?" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

महिन्याने मी सही करायला गेले, तर त्यांनी सत्ताविसाव्या दिवशी 'तपासणीसाठी' खातं उघडलेलं होतं. विनंती रद्द. त्यांनी लगेच नवी केली. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी निघाली, त्याच्या पुढच्याही. मी विचारणं सोडून दिलं, पण तारखा लक्षात ठेवू लागले.

गेल्या महिन्यात काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी रुग्णालयात भेटायला गेले तो चालू विनंतीचा एकोणतिसावा दिवस होता. काका शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांच्या घोरण्याविषयी सविस्तर बोलले. मी निघाले तेव्हा त्यांनी उशीखालून घराची किल्ली काढून दिली.

"हिचा फोन कपाटात आहे. बॅटरी उतरली असेल. तेवढा चार्जिंगला लावा."

"नुसता चार्जिंगला?"

ते खिडकीकडे पाहत राहिले. "मी कोणाला नियम मोडायला सांगत नाही."

फोन सुरू व्हायला वेळ लागला. मग ॲप उघडून फोनवर आलेला ओटीपी मी टाकला. 'पुन्हा स्वागत आहे'च्या पुढे काकूंचं नाव आलं. खालची सूचना जागेवर होती. मी रुग्णालयात फोन करून सांगितलं, "काका, लावला चार्जिंगला."



"मग आता नवी विनंती करायला हवी," ते म्हणाले.

"आत्ता करू?"

"आत्ता नको. राहू दे थोडे दिवस."