चाड्यावर कुणाचा हात

बायांनो, आज सकाळचंच सांगते. जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना वाचून दाखवावं.

शेजारच्या सखूचा नवरा उन्हाळ्यात वारला. तिची ज्वारी पेरायची राहिली होती, म्हणून गावानं मिळून आज इर्जिक केली. सरकारी वेठीला लपून बसणारे गडी आपणहून बैल अन् तिफण घेऊन आले. त्यांच्या भाकरी मी आणि सखूनं थापल्या.

तिफण जुंपली आणि काम तिथंच अडलं. तिफणीच्या वरच्या वाटीत, चाड्यात, बी सोडायला म्हणे सवाष्णच पाहिजे. कुणाच्या बायकोला बोलवायचं, यावर बांधावर पंचायत बसली. जो तो आपलंच घोडं पुढं दामटतोय. ऊन चढलं, रानातली ओल उडून चालली. सखूनं चाड्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मला काही बसवेना. उठले, ओटीत बी घेतलं आणि चाडं धरलं.

पाटलाचा भाऊ म्हणाला, "आजे, रांडाव बाईचा हात बियाला न्हाई चालत."

"आन् भाकरीला चालतो व्हय रं? मग आज उपाशीच जा घरला."

कुणीतरी खुदकन हसलं आणि बैल चालले. दुसऱ्या फेऱ्याला मी चाडं सखूच्या हातात दिलं.

दुपारी सगळे पोटभर जेवून गेले. मला मात्र चैन न्हाई, दोनदा बांधावर जाऊन आले. उगवण विरळ झाली तर बोट सखूकडंच जाईल. म्हणून आत्ताच सांगा बायांनो, तवा दोष कुणाला द्याल? आमच्या हाताला, का ओल उडेस्तोवर बोलत बसलेल्या तोंडांना?