गुप्त्यांचा फोनो आणि बावन्न सेकंदं

मार्तंड गुप्ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. दोन मिनिटं उशिरा आलेल्या कामगाराच्या कार्डावर ते लाल शाईनं अशी रेघ ओढत, की त्या बिचाऱ्याला आपण जन्मालाच उशिरा आलो असं वाटावं. अशा माणसाच्या घरात वेळ न पाळणारी एकच वस्तू होती, आणि नेमका तिच्यावरच त्यांचा जीव होता. ती म्हणजे चावीचा फोनो.

मढच्या एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा गुप्त्यांनी तो उचलला. शिसवी पेटी, पितळी कर्णा, बाजूला हँडल. साठ वेढे दिले की एक तबकडी वाजे. एकोणसाठ दिले तर शेवटच्या ओळीत गाणारणीला मिशा फुटत. दर तबकडीला नवी पिन. पिना संपल्या की गुप्ते आरे कॉलनीतून बाभळीचे काटे तोडून आणत आणि ते लावत.

"एका गाण्यासाठी एवढे कष्ट त्या गाणारणीनंही घेतले नसतील," त्यांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणत.

"पण वीज लागत नाही ना," हे गुप्त्यांचं ठरलेलं उत्तर.

मरोळच्या अंगाला असलेल्या त्यांच्या चाळीत वीजच नव्हती, तोवर हे उत्तर बिनतोड होतं. छप्पन सालच्या दसऱ्याला चाळीत वीज आली आणि उत्तरातली हवा गेली. पद्मजाबाईंना रेडिओ हवा होता. घरात टेबल एकच, आणि त्यावर फोनो.

"तो खाटेखाली ठेवा की."

"खाटेखाली? अगं, ओल धरेल. आवाज कोंडेल."

"त्याचा आवाज कोंडला तर माझी काही हरकत नाही."

दिवाळीत फोनो कुरकुरायला लागला, तेव्हा गुप्त्यांचा जीव खालीवर झाला. शेजारचे गुणाजी परब जन्मभर गिरणीत काढून घरी बसलेले. त्यांनी पेटीत डोकावून निदान केलं. "गुप्तेनू, खोबरेल घाला. आमच्या गावाक रहाटाकसुद्धा खोबरेलच घालतत." गुप्त्यांनी पद्मजाबाईंच्या बाटलीतलं अर्धं तेल फोनोच्या पोटात ओतलं. फोनो लोण्यासारखा चालायला लागला.

मग आलं सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन. चाळीचे सेक्रेटरी नंदकिशोर देसाई यंदा विजेवरचा लाउडस्पीकर आणणार होते. गुप्त्यांनी भर सभेत त्यांना अडवलं. "वायर तुटते, फ्यूज जातो. चावीचं यंत्र दगा देत नाही." पद्मजाबाईंनी हे ऐकलं आणि घरी येऊन अट घातली.

"राष्ट्रगीत सगळ्यांसमोर पूर्ण वाजलं तर टेबल फोनोचं. नाहीतर रेडिओचं."

पंचवीस तारखेच्या दुपारी गुप्त्यांनी रंगीत तालीम केली. घड्याळ लावून बरोबर बावन्न सेकंदं. त्या दिवशी ते हसत जेवले.

सव्वीसला सकाळी साडेसातला आरेच्या झाडीतून असं गार वारं सुटलं होतं, की लोक मफलरातून डोळे तेवढे बाहेर काढून उभे होते. फोनो रात्रभर अंगणातल्या ओट्यावर ठेवलेला. ऐन वेळी धावपळ नको म्हणून गुप्त्यांनीच तो आदल्या संध्याकाळी तिथे मांडला होता. त्यांनी साठ वेढे दिले, प्रजासत्ताकासाठी वर पाच दिले, पिन टेकवली आणि मागे सरून ताठ उभे राहिले.

फोनोनं आधी कण्हून घेतलं. मग राष्ट्रगीत सुरू झालं, पण खोल विहिरीत उतरून कोणी गावं तसं. पहिली ओळ संपेपर्यंत गुप्त्यांच्या कानशिलांवर घाम आला. हँडल हातभर अंतरावर होतं. पण राष्ट्रगीत चालू असताना सावधान मोडून त्यालाच चावी द्यावी की नाही, याचा नियम त्यांना ठाऊक नव्हता. आणि नियम ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी जन्मात केली नव्हती. बावन्न सेकंदं गेली. दोन मिनिटं गेली. नंदकिशोर मान न हलवता, नुसत्या बुबुळांनी गुप्त्यांना खात होते. अर्ध्यावर येऊन तबकडी थांबली.

आता हे संपलं म्हणायचं की कसं, कोणालाच कळेना. सगळी चाळ तशीच खांबासारखी उभी. शेवटी बायकांच्या रांगेतून पद्मजाबाईंनी तुटल्या जागेपासून गायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी सूर धरला आणि गीत कडेला लागलं.

"गुप्ते," नंदकिशोर चहा ओतताना म्हणाले, "पुढच्या वेळी ऑगस्टमध्येच सुरू करा. जानेवारीपर्यंत संपेल."

गुप्त्यांनी चहा घेतला नाही. फोनो बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. पेटीशेजारी ते वरातीत नवरा हरवलेल्या वऱ्हाड्यासारखे बसून राहिले.

पद्मजाबाई जवळ आल्या. "यात तेल कुठलं घातलंत?"

"खोबरेल. तुझ्याच बाटलीतलं."

त्या घरात गेल्या आणि बाटली घेऊन आल्या. आत तेल मेणबत्तीसारखं पांढरं, थिजलेलं. "सकाळपासून मला वेणीला थेंब मिळाला नाही. तो बिचारा काय वेगळं करणार?" त्यांनी बाटली फोनोशेजारी उन्हात ठेवली.

"आमच्या गावाक इतकी थंडीच पडत नाय," गुणाजी पुटपुटले. "त्याका मी काय करू?"

ऊन ओट्यावर चढलं. लोक बटाटेवड्यांवर आले होते. तेवढ्यात पेटीत काहीतरी खाकरलं, तबकडी हलली, आणि राष्ट्रगीताचा उरलेला अर्धा भाग खणखणीत सुरू झाला. सगळी चाळ कपबशा घेऊन उठली. नंदकिशोरांच्या तोंडात अर्धा वडा होता. तो ना आत जाईना, ना बाहेर येईना. सगळ्यांत ताठ गुप्ते उभे होते.

गीत संपल्यावर ते बायकोकडे वळले. "पूर्ण वाजलं. तुझ्या अटीत वेळ नव्हती."

"बरं," पद्मजाबाई म्हणाल्या. "उद्या तुमच्या कारखान्यात एखादा सव्वानऊला आला आणि म्हणाला, पण आलो ना, तर?"

गुप्त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. बराच वेळ काट्यांकडे बघितलं.

"लाल शाई," ते हळूच म्हणाले, आणि फोनो उचलून खाटेच्या दिशेनं निघाले.

"खाटेखाली नको," मागून पद्मजाबाई म्हणाल्या. "खिडकीत ठेवा. तिथे सकाळचं ऊन येतं."